एका माहेरच्या दोघी

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे जुनी माणसे सांगत आली आहेत. ऋषींच्या कुळाविषयी ती म्हण खरी असेल. नदीच्या बाबतीत मात्र ती मोडण्यातच मौज आहे. मोठ्या नदीचे मूळ शोधीत जाणाऱ्याला तेथे कुंड आढळते, देऊळ आढळते, पुजारी आणि यात्रेकरू भेटतात. लहान नदीच्या मुळाशी यांपैकी काहीच नसते. एखादे शेत असते, शेताच्या कडेला बाभळीचे झाड असते आणि झाडाजवळून पावसाच्या पाण्याने कोरलेली हातभर खोल घळ गेलेली असते. हीच नदी, असे कोणी दाखवून दिले तरी पाहणाऱ्याचा विश्वास बसत नाही.

वाशीम तालुक्यात काटा नावाचे एक गाव आहे. नकाशात ते चटकन सापडत नाही, आणि इतिहासाच्या पुस्तकात तर मुळीच नाही. परंतु या गावच्या परिसरात एक नव्हे, दोन नद्या उगम पावतात. एक काटेपूर्णा आणि दुसरी पूस. दोघी एकाच माहेरच्या. पण काटेपूर्णा उत्तरेची वाट धरते आणि पूस आग्नेयेची. पुढे या दोघींची भेट कधीच होत नाही. इतकेच नव्हे, तर त्यांचे पाणी एका समुद्रालाही जात नाही.

असे का होते, हे समजून घेण्यासाठी कौलारू घराकडे पाहावे. घराच्या मधोमध, सर्वांत उंच जागी आढे असते. आढ्यापासून दोन्ही बाजूंना दोन पाखी उतरतात. आढ्यावर पडलेल्या पावसाच्या दोन थेंबांमध्ये बोटभर अंतर असले, तरी एक पुढच्या अंगणात पडतो आणि दुसरा मागच्या परसात. वाशीमचा उंचवटा हे असेच एक फार मोठे आढे आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेचा जो फाटा वऱ्हाडाच्या दक्षिणेकडून पूर्वेला पसरत गेला आहे, त्याचाच हा भाग होय. वाशीम शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर वसले आहे. तेथून उत्तरेला अकोल्याकडे जावे, तर घाट उतरावा लागतो आणि अकोल्यात पोहोचेपर्यंत जमिनीची उंची तीनशे मीटरहूनही कमी होते. उत्तरेचे पाखे असे एकदम उतरते आहे. दक्षिणेचे आणि आग्नेयेचे पाखे मात्र हळूहळू, लांबवर उतरत जाते.

आता काट्याच्या शिवारात आढ्यावर पडलेल्या दोन थेंबांचा प्रवास पाहावा. उत्तरेला घसरलेला थेंब काटेपूर्णेत जातो. मालेगाव तालुक्याच्या डोंगरांतून वाट काढीत तो अकोला जिल्ह्याच्या सपाटीवर उतरतो आणि पूर्णा नदीला मिळतो. पूर्णा त्याला पश्चिमेकडे नेते. जळगाव जिल्ह्यात चांगदेव येथे पूर्णा आणि तापी यांचा संगम आहे. तेथून तापीच्या संगतीने खानदेश ओलांडून, सुरतेवरून, तो अरबी समुद्रात शिरतो. आग्नेयेला घसरलेल्या थेंबाचा मार्ग याहून लांबचा. पूस नदी त्याला अरुंद दऱ्यांतून पुसदेला नेते. पुसद या नावातच पूस आहे, असे तिथले लोक सांगतात. पुढे यवतमाळ जिल्ह्यात तो पैनगंगेला, पैनगंगेबरोबर वर्धेला आणि वर्धेबरोबर प्राणहितेला जाऊन मिळतो. प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत विसर्जित होते. मग गोदावरी त्याला तेलंगण आणि आंध्र प्रदेशातून थेट बंगालच्या उपसागरात पोहोचविते. वाऱ्याची एक झुळूक इकडची तिकडे झाली असती, तर सुरतेला निघालेला थेंब राजमहेंद्रीला गेला असता!

येथे नावांचा एक घोटाळा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. काटेपूर्णा ज्या पूर्णेला मिळते ती वऱ्हाडची पूर्णा. ती सातपुड्यातून येते आणि तापीला मिळते. मराठवाड्यातही एक पूर्णा आहे. ती अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते, गोदावरीला मिळते, आणि तिच्याच नावाचे रेल्वेचे जंक्शन प्रसिद्ध आहे. अकोल्याहून वाशीममार्गे जाणारी आगगाडी या दुसऱ्या पूर्णेला पोहोचते. म्हणजे एका पूर्णेच्या खोऱ्यातून निघालेला प्रवासी वाशीमचे आढे ओलांडून दुसऱ्या पूर्णेच्या काठी उतरतो. परीक्षेत गफलत होण्यास एवढे पुरेसे आहे.

नदीचे पाणी म्हटले की डोळ्यांपुढे बारा महिने वाहणारा प्रवाह येतो. काटेपूर्णा आणि पूस यांचे उगमाकडचे रूप तसे नाही. त्यांचे वर्ष पाहायचे असेल, तर पंचांगातील नक्षत्रांच्या क्रमाने पाहावे. कारण या नद्यांना दुसरे पंचांगच नाही.

वैशाखात नदीचे पात्र म्हणजे दगडगोट्यांची वाट असते. गुरे त्यातून चालत जातात, बैलगाड्याही जातात. दोन्ही काठांच्या काळ्या जमिनीला भेगा पडलेल्या असतात. काही भेगा इतक्या रुंद, की मुलाचा हात आत जावा. मृगाचा पहिला पाऊस पडतो, तेव्हा नदीला त्यातले काहीच मिळत नाही. सारे पाणी त्या भेगाच पिऊन टाकतात. माती भिजते, फुगते आणि भेगा मिटतात. मिटलेली काळी माती पाण्याला सहजासहजी आत घेत नाही. म्हणून आर्द्रा आणि पुनर्वसूचे पाऊस जमिनीवरून धावत सुटतात. शेतातून ओघळात, ओघळातून नाल्यात आणि नाल्यातून नदीत. वऱ्हाडात ओढ्याला नालाच म्हणतात. सकाळी कोरडी असलेली नदी दुपारी गढूळ पाण्याने भरून घोंघावू लागते. या नद्यांचा पूर जसा न सांगता येतो, तसाच तो न सांगता जातो. संध्याकाळी काठावर काडीकचरा अडकलेला दिसतो, आणि तेवढीच पाणी कुठपर्यंत चढले होते त्याची खूण राहते.

वर्षभरात या भागात सरासरी आठशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. आठशे मिलिमीटर म्हणजे पाणी कोठे वाहू वा जिरू दिले नाही, तर उभ्या मुलाच्या छातीपर्यंत येईल एवढे. ही मिळकत काही थोडी नाही. परंतु जमिनीच्या पोटात ती साठवून ठेवायला जागा कमी आहे. काळ्या मातीखाली मुरूम आणि मुरमाखाली काळा कातळ, अशी या प्रदेशाची घडण आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातून लाव्हारस बाहेर येऊन थिजला, त्याचा हा कातळ. वाळूच्या प्रदेशात पाणी खोल खोल झिरपते; इथे ते मुरमात आणि कातळाच्या फटींत जेवढे मावेल तेवढेच राहते. हस्ताचा पाऊस चांगला झाला, तर दिवाळीनंतरही या फटींतून पाणी पाझरत राहते आणि नदी नितळ, पायाच्या घोट्याएवढी वाहते. वर्षातील तिचे सर्वांत सुंदर रूप हेच. तळाचे गोटे दिसतात, गोट्यांवरून लहान मासे सळकन जातात, खंड्या पक्षी काठावर टपून बसतो. माघ उजाडतो आणि धार तुटते. जागोजागी डोह तेवढे उरतात. नंतर डोहही आटतात.

पाणी गेले म्हणजे नदी संपली, असे काठच्या माणसांनी कधी मानले नाही. ज्या ठिकाणी पात्रात वाळू होती, तेथे बायका वाळू उकरून झिरा करीत. दीड-दोन हात उकरले की तळाशी पाणी जमू लागे. करवंटीने वा वाटीने ते हळूहळू गुंडात भरावयाचे. एक गुंड भरून झाला की पुन्हा पाणी जमेपर्यंत वाट पाहावयाची. पहाटे लवकर येणारीला स्वच्छ पाणी मिळे आणि उशिरा येणारीला थांबावे लागे. वाळूतून गाळून आलेले ते पाणी गोड असे. पण ते मिळविण्यासाठी किती घरांतील मुलींच्या सकाळी नदीत गेल्या, त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. झिऱ्याच्या गोड पाण्याचे कौतुक करताना गुंड उचलणाऱ्या मानेकडेही पाहिले पाहिजे.

खालच्या अंगाला, जेथे पात्र रुंद होते, तेथे दिवाळीनंतर वाळूत खड्डे घेऊन, खत घालून वेल लावीत. ही डांगरवाडी. चैत्रात वाळू तापली की तिच्यावर टरबुजे, खरबुजे आणि काकड्या पसरलेल्या दिसत. वरून भाजणारे ऊन आणि खाली मुळांना मिळणारा ओलावा, असा तो नदीचा उन्हाळी मळा. पुढच्या पुरात तो मळा पुसून जाई आणि वाळू पुन्हा सर्वांची होई. श्रावणी अमावास्येला पोळा. त्याआधी बैलांना नदीवर नेऊन, अंग घासून आंघोळ घालावयाची, हा तर वऱ्हाडातील प्रत्येक गावचा नेम. वर्षभर शेतात राबलेला बैल कमरेएवढ्या पाण्यात डोळे मिटून उभा राहतो, तेव्हा सण नक्की कोणाचा, हे सांगावे लागत नाही.

नदी आडवीही येते. लहान गावांच्या वाटेवर मोठे पूल नसतात. पात्रातच सिमेंटचा ठेंगणा बांध घालून त्यावरून रस्ता नेलेला असतो. त्याला रपटा म्हणतात. एरवी त्यावरून सायकली जातात, शाळेची मुले जातात. पावसाळ्यात पाणी रपट्यावरून वाहू लागले की पलीकडची मुले पलीकडे आणि अलीकडची अलीकडे. गुडघ्याएवढ्याच पाण्यात धावत्या प्रवाहाची ओढ किती असते, हे ज्याने अनुभवले आहे तो पाणी उतरेपर्यंत मुकाट्याने बसून राहतो. ज्याने अनुभवलेले नसते, तोच घाई करतो.

या आढ्यावर माणसे आजची राहत नाहीत. वाशीमचे जुने नाव वत्सगुल्म. सोळाशे वर्षांपूर्वी येथे वाकाटक राजांच्या एका शाखेची राजधानी होती. त्या शाखेतील दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट १९३९ मध्ये वाशीमलाच सापडला. राजशेखर या संस्कृत कवीने आपल्या ग्रंथात वत्सगुल्माचा गौरवाने उल्लेख केला आहे. राजधानी म्हटली की काठी मोठी नदी असावी, अशी आपली समजूत. येथे तशी नदी नाही. आढ्यावर ती असणारच कशी? म्हणून या नगराने तळ्यांचा आश्रय घेतला. पद्मतीर्थ, देवतलाव ही नावे आजही वाशीमकरांच्या तोंडी आहेत. पाऊस पडेल तेव्हा तो धरून ठेवायचा आणि वर्षभर पुरवायचा, ही विद्या उंचावर राहणाऱ्यांना आधी शिकावी लागते. शहर वाढले, तळी पुरेनाशी झाली, तेव्हा जवळच्या चंद्रभागा नावाच्या नदीवर एकबुर्जी येथे धरण बांधले गेले. ही चंद्रभागा पंढरपूरची नव्हे; पण नळाला तिचे पाणी आले की वाशीमच्या माणसाला ती तेवढीच पूज्य वाटते.

ज्या वर्षी पाऊसच येत नाही, त्या वर्षी मात्र ही विद्याही थिटी पडते. १८९९–१९०० च्या दुष्काळाने वऱ्हाडात फार मोठा आकांत केला. पुढे १९७२ चा दुष्काळ तर आजही म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत आहे. त्या वर्षी महाराष्ट्रातील शेतकऱ्यांनी खडी फोडली, रस्ते केले, तलाव खोदले आणि त्या मजुरीवर घर चालविले. त्यानंतर पाणी अडविण्याचा विचार गावापासून मंत्रालयापर्यंत सर्वत्र अधिक नेटाने होऊ लागला.

दोघी बहिणींवर मोठी धरणे झाली तीही याच काळात. पूस नदीचे पाणी पुसदजवळ अडविले गेले. काटेपूर्णा अकोला जिल्ह्यात शिरते, तेथे महान या गावी मातीचे लांबलचक धरण उभे राहिले. धरणाच्या वरच्या अंगाला डोंगरात साग आणि इतर झाडांचे जंगल आहे. १९८८ मध्ये ते काटेपूर्णा अभयारण्य म्हणून राखले गेले. चौशिंगा नावाचा, चार शिंगांचा लाजरा प्राणी तेथे आढळतो. भेकरे आणि मोर आहेत, आणि हिवाळ्यात जलाशयावर दूरदेशीचे पक्षी उतरतात. नदीने माणसांसाठी केलेल्या साठ्यावर त्यांनीही आपला हक्क बजावला आहे, आणि त्यात काही वावगे नाही.

महानच्या धरणात उपयोगी पडेल असा पाण्याचा साठा सुमारे ८६ दशलक्ष घनमीटर होऊ शकतो. वर्तमानपत्रे त्याला थोडक्यात दलघमी म्हणतात. एक दलघमी म्हणजे शंभर कोटी लिटर. तेव्हा ८६ दलघमी म्हणजे आठ हजार सहाशे कोटी लिटर. आकडा ऐकून वाटते, आता अकोल्याला कसली चिंता! परंतु या साठ्याचे वाटेकरी पुष्कळ आहेत. अकोला शहर आहे, मूर्तिजापूर आहे, कारखाने आहेत, कालव्याखालची शेते आहेत. सूर्यही एक वाटेकरी आहे. उन्हाळ्यात जलाशयाच्या पृष्ठभागावरून तो रोज आपला वाटा उचलतो आणि त्याची पावती देत नाही. शिवाय तळाशी राहणारे काही पाणी कालव्याला वा नळाला मिळतच नाही. त्याला मृतसाठा म्हणतात. फार टंचाईच्या वर्षी हे मृत पाणीही उपसून माणसांना जगवावे लागते.

या वाटेकऱ्यांत एक असा आहे, की त्याची गोष्ट वेगळी सांगावयास हवी. पूर्णा नदीच्या दोन्ही काठांना अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांत दूरवर खारपाणपट्टा पसरला आहे. वरून पाहिले तर जमीन काळीभोर, कपाशीला उत्तम. पण विहीर खोदावी तर पाणी खारट. बाहेर हिरवे शेत आणि घरात तोंडात घालवत नाही असे पाणी! तेथे विहीर असणे आणि नसणे सारखेच. अशा गावांसाठी काटेपूर्णेवरच खांबोरा येथून चौसष्ट खेड्यांची पाणीपुरवठा योजना करण्यात आली. पूर्णेच्या काठी राहून पूर्णेच्या खोऱ्यातले भूजल पिता येत नाही, आणि दूर डोंगरातल्या लहान नदीचे पाणी नळाने आणून प्यावे लागते. काट्याच्या शिवारातील पावसाचे मोल खारपाणपट्ट्यातील आई आपल्या मुलाच्या पेल्यात मोजते. ते पाणी कोठून आले, हे तिला ठाऊक असेलच असे नाही.

अकोल्याच्या लोकांना मात्र ते चांगले ठाऊक असते. जुलै महिन्यात अकोल्यात धो धो पाऊस पडत असला, तरी जाणता माणूस विचारतो, ‘‘मालेगावकडे पडला का?’’ कारण अकोल्याच्या गल्लीत पडलेला पाऊस मोर्णेतून वाहून जातो. नळाला जो येतो, तो वाशीम जिल्ह्याच्या डोंगरांत पडलेला. वर्तमानपत्रात धरणाच्या पातळीचा आकडा रोज येतो. पाऊस लांबला तर तो आकडा खाली खाली जातो, आणि नळाला चार दिवसांआड की आठ दिवसांआड पाणी, ही चर्चा घराघरांत सुरू होते. परीक्षेच्या निकालासारखी माणसे त्या टक्केवारीची वाट पाहतात. एका रात्री डोंगरात चांगला पाऊस होतो, आकडा चढतो आणि सकाळी चहाच्या दुकानात त्याचीच वार्ता असते.

आढ्यावरच्या माणसाची बाजू मात्र अजून सांगावयाची राहिली आहे. वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही, असे आपण म्हणतो. विजेच्या पंपाने ही म्हण थोडीफार खोटी ठरविली आहे. तरी उगमाकडच्या शेतकऱ्याच्या मनात ती सलत राहते. पाऊस त्याच्या शेतात पडतो. त्याची माती घेऊन तो खाली जातो. खाली धरण भरते, कालवे वाहतात, शहराला नळ येतो. आणि ज्याच्या शिवारातून नदी निघाली, त्याची विहीर फाल्गुनात तळ दाखवू लागते. खरिपाचे सोयाबीन पावसावर येते. पण हरभऱ्याला आणि गव्हाला पाणी द्यावयाचे तर ते त्याच्याजवळ असावे लागते. दोन लेकींचे माहेर असलेल्या भागातच उन्हाळ्यात टंचाई, हा विरोधाभास वाचायला गमतीचा असला तरी सोसायला नाही.

म्हणून वरच्या गावांत आता पाणी अडविण्याची कामे होतात. शेताच्या उताराला आडवे बांध घालतात, नाल्यांवर लहान बंधारे बांधतात, गाळाने भरलेले तलाव उपसतात. महाराष्ट्र शासनाच्या जलयुक्त शिवार अभियानात, २०१५ नंतर, राज्यभर अशी पुष्कळ कामे झाली. मग खालच्या माणसाला शंका येते : वरच्यांनी सारे पाणी अडविले, तर आमच्या धरणात काय येणार? शंका अगदीच निराधार नाही. नाल्यानाल्यावर मोठे बंधारे झाले, तर कमी पावसाच्या वर्षी खाली पाणी कमीच पोहोचेल. परंतु शेताच्या बांधाशी जिरलेले पाणी अडविलेल्या पाण्यासारखे नसते. ते मुरमात उतरते, विहिरी भरते आणि त्यातील काही भाग, पूर ओसरल्यावर, हळूहळू पाझरून पुन्हा नदीतच येतो. पुराबरोबर जी माती खाली जाऊन धरण गाळाने भरून टाकते, ती शेतातच राहते. ज्या नदीची धार माघात तुटत असे, तिची धार फाल्गुनापर्यंत टिकली तर ती दोघांच्याही कामाची. अर्थात बांध कोठे घालावा आणि किती उंच घालावा, हे ज्याला उतार कळतो त्याने ठरवावे. यंत्र आले म्हणून नदीचे पात्र खोल उकरून ठेवणे हा त्यावरचा उपाय नव्हे. आणि वाळू! पात्रातील वाळू गाड्या भरभरून नेली, की झिऱ्याचे पाणीही जाते आणि काठच्या विहिरीचेही. डांगरवाडी तर वाळूबरोबरच जाते.

कोल्हापूर पद्धतीचा बंधारा या भागातील नद्यांवर पुष्कळ ठिकाणी दिसतो. त्याला भिंत नसते. दगडी वा सिमेंटचे खांब ओळीने उभे असतात आणि खांबांना खाचा असतात. पावसाळ्यात खाचा मोकळ्या ठेवतात, म्हणजे पूर आणि गाळ निघून जातो. पाऊस संपत आला की खाचांत लोखंडी बरगे बसवितात आणि मागे पाणी तुंबते. बरगे फार लवकर बसविले तर परतीच्या पावसाचा पूर बंधाऱ्याला धक्का देतो. उशीर केला तर नदी वाहून गेलेली असते. चार-आठ दिवसांचाच काय तो प्रश्न. पण रब्बीचे पीक त्या चार-आठ दिवसांवर असते.

ते दिवस येतात तेव्हा ऑक्टोबर महिना असतो. नदी अजून वाहत असते. पण तिचा आवाज उतरलेला असतो. गावातील चारपाच माणसे बंधाऱ्यावर जमतात. कोणी आभाळाकडे पाहतो, कोणी पाण्यात उतरून खाचेतला गाळ हाताने काढतो. हस्त संपला का, चित्रा कोरडी जाईल का, यावर थोडा वाद होतो. मग एक एक बरगा खांद्यावरून आणला जातो आणि खाचेत सरकविला जातो. शेवटचा बरगा बसला की खालच्या अंगाला धार बारीक होते आणि वरच्या अंगाला पाणी थबकते. काही वेळाने ते काठच्या गवताला लागते. संध्याकाळपर्यंत ते पहिल्या दगडाच्या पायरीशी येऊन पोहोचते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गावातील एखादा मुलगा सर्वांच्या आधी धावत जाऊन, रात्रीतून पाणी किती पायऱ्या चढले, ते मोजून येतो.